लालीबाईचा ढावलो

माझी माय लालीबाई पोरीयले रडायचं शिकवे. घाटंजीपासून दोन कोसावर आमचा तांडा, तांड्यात आमच्या घरासमोर लिंबाचं झाड, अन् त्या झाडाखाली तिची शाळा.

हसू नका. शहरातल्या माणसाले हे सांगतलं की तो पहिले हसते, मंग म्हणते, "रडायले काय शिकाव लागते काय?" माझं डोकंच तापते. मी यवतमाळले नर्सिंग शिकली, उपकेंद्रात नोकरी करते, कितीक घरायचं बाळंतपण पाह्यलं अन् कितीक घरायचं मयत. म्हणून सांगते, रडता सगळ्यायलेच येते, नीट रडता लय कमी लोकायले येते.

आम्ही गोर. तुम्ही बंजारा म्हणता, कोणी लमाण म्हणते. आमचे पणजे बैलायवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर हिंडत. आता सगळे कापूसवाले झालो. घरात गोरबोली बोलतो, बाहेर तुमच्यासारखी मराठी. आमच्या लग्नात नवरी गाते, अन् रडत गाते. आधी मायच्या गळ्यात पडून, मंग काकीच्या, मंग मैतरणीच्या. त्याले ढावलो म्हणतात. बोल तिनं तिथंच जुळवायचे असतात. ज्या नवरीले ढावलो येत नाई तिले सासरी दहा वर्षं टोमणे, की काय बाई मुकी आणली! म्हणून लग्न ठरलं की पोरीची माय पोरीले घेऊन आमच्या लिंबाखाली येई. मयताले बोल वेगळे असतात, पण आमच्या तांड्यात सूर तोच. अन् बहीण बहिणीले वर्षानं भेटली तरी दोघी डोक्यावरून टुकरी, म्हणजे आमची ओढणी, तोंडापर्यंत ओढून गळ्यात पडतात, आधी रडतात, अन् मंग "बरी आहे का व" म्हणून इचारतात.

मायचा एकच कायदा होता. खाली गळ्यानं, म्हणजे एकटीनं, ढावलो म्हणायचा नाई. समोर दुसऱ्या बाईचा गळा पाहिजेच. एखादी पोरगी एकटीच गुणगुणत बसली की माय तिच्यावर खेकसे. "कापसाचं गठोडं एकटीनं डोक्यावर घेता येते का? दुसरीनं हात लावाव लागते ना? मंग हेही तसंच आहे," असं म्हणे.

ही असली बाई नऊ वर्षं मुकी राह्यली. का राह्यली अन् तिचं तोंड कसं उघडलं, तेच सांगून राह्यली मी. ज्या माणसाच्या चुकीनं ते उघडलं, त्याचे उपकार आमच्या घरावर आहेत. त्याच्या शहाणपणाचेही असतील, पण चुकीचे जास्त.

मी दहा वर्षांची असताना माय लय बिमार पडली. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात अडीच महिने खाटेवर होती. आमचे सोयरे पहिल्या आठवड्यात येऊन गेले. मंग कापूस फुटला अन् ज्याचे त्याचे हात कामाले लागले. त्यायले दोष नाई देत मी. पण त्याच वार्डात आदिलाबादकडचे एक ख्रिस्ती उपदेशक येत. ते रोज आले. डबा आणला, रक्त देल्लं, मायच्या उशाशी बसून प्रार्थना केली, अन् माझी वेणीसुद्धा घालून देल्ली, वाकडीतिकडी. माय उठून घरी आली तेव्हा तिनं अख्ख्या तांड्याले सांगतलं, "मी आता येशूची झाली."

तांड्यात कुजबुज झाली. माझा बाप पूनमसिंग आमच्या संत सेवालाल महाराजायचा झेंडा पूजे. तो म्हणाला, "एका घरात दोन सुना सुखानं राहत नाईत, दोन देव राहतात. राहू द्या." तिथंच विषय संपला. हळूहळू आणखी चार घरं प्रार्थनेले येऊ लागली.

पण त्या उपदेशकायनं एक गोष्ट सांगतली. विश्वासणाऱ्या बाईनं टाहो फोडायचा नाई. मेलेला माणूस देवाघरी जाते, मंग रडायचं कायले? ज्याले आशा नाई तो रडते. ढावलो-बिवलो हे जुनं झालं, ते सोडा. माय कबूल झाली. ज्यानं जीव वाचवला त्याले नाई कसं म्हणायचं? मी त्या माणसाले शिव्या नाई देत. तो सोन्यासारखा होता. पण आमचं रडणं त्याले समजलंच नाई. त्याले वाटलं आम्ही हरलो म्हणून रडतो.

पुढं दोन वर्षांनी माझी आजी गेली. मानीबाई, मायची माय. ती सोनीमावशीच्या घरी राहे. सोनीबाई ही माझ्या मायची सख्खी लहानी बहीण. दोघी एकाच तांड्यात दोघा चुलतभावायले देल्लेल्या, घर ते घर वीस पावलं. अंगण माणसायनं भरलं होतं. मावशी मधोमध टुकरी ओढून बसलती. रीत अशी, की मोठी बहीण येईल, गळ्यात पडन, दोघी मिळून मायले आवाज देतील, अन् मंगच मायले उचलायचं.

माय आली. मावशीच्या बाजूले बसली, तिचा हात हातात घेतला, डोळे मिटले अन् ओठायनं प्रार्थना करू लागली. गळ्यात नाई पडली. बाया वाट पाहून राह्यल्या. सुखीबाई म्हातारीनं तिले मागून हळूच ढोसलं, "लाली, चाल ना व." माय जागची हलली नाई. शेवटी माणसं उठले अन् आजीले घेऊन गेले.

संध्याकाळी मावशी आमच्या दारात आली. आत नाई आली, उंबऱ्याबाहेरूनच बोलली. "मायचं मेलं तोंड पाहून जिचा गळा फुटला नाई, ती माझ्यासाठी मेली."

झालं! वीस पावलांवर दोन बहिणी, अन् नऊ वर्षं बोलणं बंद. एकाच हापशीवर पाणी भरत. एक आली की दुसरी घागर बाजूले सारून मागं सरके. मावशीच्या घरी नातू झाला, आम्हाले बोलावणं नाई. माझा नर्सिंगचा निकाल लागला, मावशीनं कोणाच्या तरी हातून लाडू पाठवले अन् वर सांगून पाठवलं, "हे जयासाठी आहेत, तिच्या मायसाठी नाईत."

लिंबाखालची शाळा तं बंदच पडली. पोरी दुसऱ्या तांड्यावर शिकाले जात. मले मायनं ढावलोचा एक बोल शिकवला नाई. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. वेचणीच्या वेळेस मी तिच्या बाजूच्या ओळीत राहो. कधीमधी तिचे ओठ हलत, गळ्याची शीर फुगे, अन् मंग ती तोंडात टुकरीचं टोक घालून टाके. एकदा मी इचारलंच, याडी (आमच्या बोलीत मायले याडी म्हणतात), काय होते तुले? ती म्हणाली, "मानीबाई माझ्या छातीत बसून आहे, जया. बाहेर काढाची होती, राहून गेली. आता सोनी गळा देईन तेव्हा निघन. अन् सोनी काही देत नाई. अन् देल्ला तरी मले मनाई आहे." असं बोलली अन् पुन्हा कापूस वेचू लागली. मी तिच्या वाटचंही रडली त्या दिवशी, आपली अशीच, गाण्याबिण्याशिवाय.

मंग २००५ साली सदाशिवराव आले. नवे पाळक, नगरकडचे, पन्नाशीचे, काडीसारखे बारीक. जुन्या एम-एटी गाडीवर मागं बाजाची पेटी बांधून हिंडत, अन् खांद्यावरच्या पिशवीत टेपरेकॉर्डर. त्यायचं एकच येड. देवाले प्रत्येकानं आपल्या बोलीत अन् आपल्या चालीत गावं. "नगरची भजनं मी तुमच्या डोक्यावर कशाला थापू?" असं म्हणत. एका कोलाम पोडावर, म्हणजे त्यायच्या वस्तीवर, जाऊन त्यायच्या ढोलावर इतके नाचले, की पुढचे आठ दिवस कंबर धरून झोपले. आमच्या तांड्यावर आले तेव्हा लोकायनं पहिल्या दिवशीच इचारलं, "काय सायब, कंबर कशी आहे?" ते सगळ्यायसंगं हसले. माणूस आवडला आम्हाले.

त्यायले कोणीतरी सांगतलं, लालीबाईसारखी गाणारी पंचक्रोशीत नव्हती. झालं, मशीन घेऊन आमच्या अंगणात हजर. "लालीबाई, एक जुनं गाणं म्हणा ना. ढावलो म्हणा."

माय म्हणाली, "कोणाच्या गळ्यात पडू सायब, तुमच्या मशीनच्या?"

ते हसले. त्यायले वाटलं बाई लाजून राह्यली. आधीच्या उपदेशकायनं मनाई केली, हे मायनं सांगतलं नाई. मी नंतर म्हटलं, काहून नाई सांगतलं? तं म्हणे, "ज्याचं रक्त माझ्या अंगात आहे त्याची चुगली कायले करू?" आता अशा बाईपुढं काय बोलता!

पुढच्या वर्षी, दिवाळीच्या आधी, ते कागद घेऊन आले. नाताळासाठी गोरबोलीत गाणं लिहिलं होतं. वाचून दाखवलं, अन् मी अन् माय पोट धरून हसलो. मायनं डोळे पुसले अन् म्हणाली, "सायब, मराठीच्या मागं ओ लावला म्हणजे गोरबोली होत नाई." मंग चार दिवस दोघं लिंबाखाली बसले. ते मराठीत सांगत, माय गोरबोलीत बसवे. मरिया नावाची याडी, गर्भार, घरापासून लांब, कोणी जागा देत नाई, शेवटी गुरायच्या गोठ्यात बाळंत होते. मायले ही गोष्ट माहीतच होती, पण आपल्या बोलीत बसवता बसवता ती वेगळीच झाली. आमच्या पणज्या बैलायच्या तांड्यासंगं चालता चालता बाळंत होत. तिनं गोठ्याजवळ तांडा उतरवला, शेकोटी पेटवली, म्हाताऱ्या बाया आणून बसवल्या. मंग मधेच थांबली.

"सायब, बाळंत झाल्यावर त्या याडीच्या गळ्यात कोण पडलं? तिची माय होती का तिथं? बहीण?"

सदाशिवराव म्हणाले, "शास्त्रात तसं लिहिलेलं नाही."

"लिहाले पाहिजे होतं," माय म्हणाली.

बोल झाले. चाल राह्यली. सदाशिवराव म्हणाले, "चाल मी शोधतो. तुमच्याच लोकांची चाल आणतो. तुम्हाला चकितच करतो की नाही बघा." मायनं मान हलवली. इथंच घोळ झाला.

दिवाळी झाली, लग्नं सुरू झाली. पांढरकवड्याकडच्या एका तांड्यावर लग्न होतं, तिथं सदाशिवराव गेले. बायायच्या घोळक्यात बाप्याले कोण जाऊ देते? ते मांडवाबाहेर मशीन धरून उभे राह्यले. आतून नवरीचा आवाज आला, उंच, लांब, काळजाले हात घालणारा. बाहेर बँड वाजून राह्यला, पोरं नाचून राह्यले, जेवणाच्या पंगती बसल्या. त्यायनं सरळ हिशोब केला. लग्न म्हणजे आनंद, लग्नातलं गाणं म्हणजे आनंदाचं गाणं, अन् येशूचा जन्म म्हणजे आनंदाची बातमी. सगळं बरोबर जुळलं! ती चाल घेऊन यवतमाळले गेले, तिथल्या मंडळीतल्या चार पोरापोरींले शिकवली, ढोलकी लावली, जरा जलद केली. आमच्या तांड्यात कोणाले ऐकवली नाई. चकित करायचं होतं ना!

आता ते २००६ साल कसं होतं ते सांगाव लागन. आमच्या तांड्यात त्या पावसाळ्यापासून तीन घरचे माणसं गेले. कसे गेले ते मी सांगत नाई. त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्याचं नाव काढलं की सगळा देश तेच इचारे. सुखीबाईचा एकुलता एक पोरगा त्यात होता. मयताच्या घरी आमच्या बायायच्या आधी कॅमेरेवाले पोचत. सुखीबाई सुनेच्या गळ्यात पडून रडून राह्यलती, तं एक जण तिले म्हणे, "बाई, जरा वर पाहा, तोंड दिसत नाही." मी होती तिथं. मी त्याचा तो कॅमेरा विहिरीत टाकणार होती, बापानं माझा हात धरला म्हणून वाचला. त्या दिवसापासून तांड्यात बाया चारचौघात रडतच नव्हत्या. घरात दार लावून तोंडात टुकरी कोंबत अन् सकाळी वेचाले जात. लालीबाई एकटीच मुकी होती, आता अख्खा तांडा मुका झाला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी कार्यक्रम ठेवला. बाजाराचा दिवस होता, वेचणी बंद. दुपारी लिंबाखाली सतरंज्या टाकल्या. तांड्याच्या नायकानं परवानगी देल्लती, सगळ्या तांड्याले जेवणाचं आवतण होतं. सोनीमावशीही आली. तांड्याचं जेवण सोडलं म्हणजे तांडा सोडला, म्हणून आली. पण त्या टोकाले बसली, आमच्याकडं पाठ करून.

सदाशिवराव नवा सदरा घालून उभे राह्यले. म्हणाले, "आज तुमच्या बोलीत, तुमच्या चालीत, आनंदाचं गाणं ऐका." अन् पेटी वाजली.

पहिल्याच सुराले बायायच्या माना वर झाल्या. पोरापोरींनी तोंड उघडलं. यवतमाळची गोरीगोमटी पोरगी हसत हसत गाऊन राह्यली, ढोलकी टणटण वाजून राह्यली, अन् चाल नवरीच्या ढावलोची! मले पहिले हसूच आलं. मंग मी मायकडं पाह्यलं. ती दगडासारखी बसलती. गाणं त्या याडीवर आलं, जी घरापासून लांब आहे अन् जिच्याजवळ कोणी नाई, तिथं सूर वर चढला. सुखीबाईनं टुकरी तोंडावर ओढली, बाजूच्या बाईकडं वळली अन् तिच्या गळ्यात पडली. तिचा जो आवाज निघाला, तो मी जन्मात विसरणार नाई. पाच महिन्यांचा आवाज होता तो. मंग दुसरी जोडी, मंग तिसरी. पाहता पाहता तीसेक बाया दोघी दोघी गळ्यात पडून रडून राह्यल्या. ढोलकीवाल्याचा ठेका चुकला, मंग बंदच पडला. बाप्यायनं माना खाली घातल्या.

सदाशिवराव माझ्याकडं धावत आले. "जया, काय झालं? मी काय केलं?"

"सायब, ही नवरीच्या रडण्याची चाल आहे. आमच्यात लग्नात हसून नाई गात."

त्यायनं कपाळाले हात लावला. "अरे देवा! मी आनंद सांगायला आलो, आणि सगळ्या तांड्याला रडवलं. थांबवा ते, थांबवा!" त्यायनं पेटीवाल्याले हात केला.

तेव्हा माय उठली. सरळ त्यायच्यासमोर येऊन उभी राह्यली.

"बंद नका करू, सायब. पहिले मले एक सांगा. मेलेल्यासाठी रडणं, हे पाप आहे का? आधीच्या सायबायनं सांगतलं होतं, विश्वासणारी बाई रडत नाई. मी माझ्या मायले नाई रडली. नऊ वर्षं झाले."

 सदाशिवरावायले हे पहिल्यांदाच कळून राह्यलं होतं. मंग हळू म्हणाले, "लालीबाई, येशू स्वतः रडला. त्याचा मित्र वारला होता, तेव्हा. त्या माणसाच्या बहिणी रडत होत्या, त्यांना बघून तोही रडला. सगळ्यांसमोर."

"मयताच्या घरी?"

"हो."

"बहिणींसंगं?"

"हो, लालीबाई."

"हे मले कोणी सांगतलं नाई," माय म्हणाली.

मले असा संताप आला! नऊ वर्षं! एवढ्याशा गोष्टीसाठी एका बाईची नऊ वर्षं! पण मायच्या तोंडावर राग नव्हता. तिनं सदाशिवरावायले हात जोडले, मनापासून जोडले, अन् टुकरी ओढत मैदान ओलांडून निघाली. मले भेव वाटलं. मावशीनं ढकललं तं? सगळ्या तांड्यासमोर उठून गेली तं?

माय मावशीच्या मागं जाऊन गुडघ्यावर बसली अन् बाजूनंच तिच्या गळ्यात पडली. तिचा आवाज निघाला तो आधी फाटका निघाला, वापरातच नव्हता. दोन-तीनदा अडकला. मंग लागला. "याडी, तुझ्या हातची भाकर खाल्ली, अन् तुले न्यायच्या वक्ती मी मुकी बसली. याडी, तू वाट पाह्यली, माझा आवाज आला नाई. याडी, तुझी लाली आली, उशिरा आली, तू कुठं आहे?" मी एकवीस वर्षांची घोडी, शिकलेली, अन् लिंबाच्या बुंध्याले धरून लहान पोरीसारखी रडली. लोक सांगत ते खोटं नव्हतं. तसं गाणारी पंचक्रोशीत नव्हती.

मावशीचे हात तिच्या मांडीवरच होते. लय वेळ होते. मंग एक हात उठला अन् मायच्या पाठीवर आला. मंग दुसरा. पण तोंड तिनं उघडलं नाई. ढावलोत समोरचीनं उत्तर द्यायचं असते, मावशीनं एक बोल देल्ला नाई. माय एकटीच गायली, संपेस्तोवर. मले ते टोचलं. म्हटलं, गळा देल्ला पण माफी नाई देल्ली.

मंग बायायनं तोंडं धुतली अन् पंगत बसली. अन् काय सांगू, तांडा हलका झालता! बाया एकमेकीले चिमटे काढून राह्यल्या, यवतमाळच्या त्या पोरीले इचारून राह्यल्या, "काय व, हसत हसत ढावलो म्हणते, सासरी जायची लय घाई आहे का?" सुखीबाईनं सदाशिवरावायच्या ताटात स्वतःच्या हातानं बुंदी वाढली. म्हणाली, "सायब, टीव्हीवाल्यायनं आम्हाले रडू देल्लं नाई. तुम्ही देल्लं. देव तुमचं भलं करो."

 सदाशिवराव ताट घेऊन माय अन् मावशी बसल्या होत्या तिथं आले, जमिनीवर बसले. "मला माफ करा, बायांनो. न विचारता तुमची चाल उचलली. ती मी बदलतो."

सोनीमावशी त्यायच्याशी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "चाल बदलू नका, सायब. अन् तुम्हाले एक सांगते. माय गेली त्या दिवशी मीही नाई रडली."

मायचा हात ताटातच थांबला.

"टुकरी ओढून बसलती, म्हणून तांड्याले वाटलं रडून राह्यली. मी वाट पाहून राह्यलती. मायले आम्ही दोघीच पोरी. हिनं गळा नाई देल्ला, तं मी कोणाच्या गळ्यात पडू? खाली गळ्यानं म्हणायचं नाई, हे हिनंच मले शिकवलं होतं." मावशीनं मायकडं बोट केलं. "नऊ वर्षं हिच्यावर रागावली, ती हिनं मायले रडली नाई म्हणून नाई. हिनं मले रडू देल्लं नाई म्हणून. अन् मघाशीही मी तोंड नाई उघडलं. म्हटलं, पहिले हिचं होऊ दे. ही मोठी आहे."

मायनं ताट बाजूले सारलं.  तांब्या घेतला, स्वतःचा हात धुतला, मावशीचा हात धुऊन देल्ला.

"मंग तुझं तं राह्यलंच अजून," ती म्हणाली. "चाल."

दोघी उठल्या, लिंबाखाली जाऊन बसल्या. या वक्ती मायनं गळा देल्ला अन् मावशी गायली. मावशीचा आवाज मायपेक्षाही मोठा निघाला. बायायनं हातातले घास खाली ठेवले. बाजाराहून परतणारे लोक आमच्या तांड्याजवळून सडकेनं जात होते, ते आवाज ऐकून थांबले. त्यातला एक म्हातारा आत आला, पागोटं हातात घेऊन, अन् त्यानं माझ्या बापाले हळूच इचारलं, "कोण गेलं जी?"

बाप उभा राह्यला अन् म्हणाला, "आमची सासू. मानीबाई."